आयईडीबीची एपिटोप-साधने: आरएसव्ही लशीच्या कामाला कितपत उपयोगी?

टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या पेशी) ओळखतील असे पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचे छोटे तुकडे, निवडायचे असतील, तर आयईडीबी (एपिटोपांचा, म्हणजे प्रतिकारशक्ती ओळखते त्या भागांचा, ऑनलाइन माहितीसाठा आणि साधने) खुशाल वापरावी. प्रतिपिंडांसाठीची तिची साधने मात्र जपूनच वापरलेली बरी. ला होया इथल्या इम्युनॉलॉजी संस्थेची ही सेवा मोफत आहे आणि त्यासाठी खाते उघडावे लागत नाही. तान्ह्या बाळांच्या आणि वृद्धांच्या फुफ्फुसांना छळणाऱ्या आरएसव्ही विषाणूचे, त्याला पेशीशी जुळवून घेणारे एफ प्रथिन घेऊन ही पारख केली आहे.

युनिप्रॉट या प्रथिनांच्या माहितीसाठ्यातून एफचा पी०३४२० हा अनुक्रम फास्टा (साध्या मजकुराच्या) रूपात घ्या. त्यात ५७४ अमिनो आम्ले आहेत. एमएचसी (टी-पेशींना पेप्टाइड दाखवणारी प्रथिने) वर्ग १, पद्धत नेटएमएचसीपॅन ४.१ ईएल (पेशींवर प्रत्यक्ष सापडलेल्या पेप्टाइडांवर आधारलेली), लांबी ९ आणि १०, शिवाय २७ एचएलए (माणसांतले एमएचसी) प्रकारांचा तयार संच निवडला की ३०,५३७ ओळींचा तक्ता हाती येतो. स्कोअर जितका जास्त तितका चांगला, पर्सेंटाइल रँक मात्र जितकी कमी तितकी चांगली. नवखे इथेच चुकतात आणि तक्ता उलटा लावतात. रँक १ पर्यंतच्या ओळी ठेवा. ५०० नॅनोमोलरची मर्यादा बीए (चिकटण्याची ताकद वर्तवणाऱ्या) पद्धतीची आहे, ती ईएलच्या आकड्यांना लावू नका. पहिली २५ अमिनो आम्ले आणि ५२५ च्या पुढचा पेशीपटलात रुतणारा पट्टा यांतून बरेच आकर्षक पेप्टाइड निघतात. पण ते पाण्यात धड विरघळत नाहीत, त्यामुळे प्रयोगशाळेत चाचणी घेताना नाकी नऊ येतात.

भारतासाठी काम करणाऱ्यांनी तयार संचावर विसंबू नये. त्यात ए*३३:०१ आहे, पण आपल्याकडे बऱ्यापैकी आढळणारे ए*३३:०३ आणि बी*४०:०६ नाहीत. हे दोन्ही हाताने जोडा. नाहीतर लोकसंख्या-व्याप्तीचा, म्हणजे निवडलेले पेप्टाइड किती टक्के लोकांना लागू पडतील याचा, आकडा भरघोस दिसेल, पण तो इथल्या लोकांचा नसेल. शिवाय एचएलएला चिकटणारा प्रत्येक पेप्टाइड टी-पेशींना जागे करतोच असे नाही, आणि व्याप्तीचे साधन तेवढे सांगत नाही.

वर्ग २ मध्ये १५ अमिनो आम्लांचे तुकडे येतात. शेजारच्या अनेक ओळींत ९ आम्लांचा गाभा एकच असतो. गाभ्यानुसार गट न करता मोजले, तर एकाच एपिटोपचे सातपर्यंत झालेले दिसतात.

खरी अडचण प्रतिपिंडांची. एफ प्रथिनाचे सर्वांत प्रभावी लक्ष्य, साइट शून्य, ६२–६९ आणि १९६–२०९ या दोन दूरच्या तुकड्यांनी मिळून बनते, आणि तेही प्रथिन पेशीशी जुळण्यापूर्वीच्या आकारात असेल तरच. बेपिप्रेडसारखे प्रतिपिंडांची लक्ष्ये वर्तवणारे साधन फक्त अनुक्रम वाचते, त्यामुळे हे दोन तुकडे एकत्र येतात हे त्याला कळायला मार्गच नाही. एलिप्रो हे दुसरे साधन त्रिमितीय रचना घेते, म्हणून उजवे. पण ४जेएचडब्ल्यू ही एफच्या रचनेची फाइल जशीच्या तशी चढवू नका. तिच्यात डी२५ प्रतिपिंडाच्या साखळ्याही आहेत, त्या आधी काढा. एफ तीन भागांचे असते. एकच भाग दिला, तर आत दडलेली सांध्याची बाजूही एलिप्रो उघडी समजते. पूर्ण त्रयी द्या आणि २७, ७० व ५०० या जागांवरच्या साखरेच्या साखळ्या स्वतः तपासा, कारण एलिप्रो त्या हिशेबात धरत नाही.

म्हणूनच एपिटोप माळेसारखे ओवून केलेल्या रचना एफच्या पूर्ण आकाराची जागा घेऊ शकत नाहीत. २०१३ मध्ये डीएस-कॅव्ह१ हे एफचे स्थिर केलेले रूप तयार झाले, ते आकार जागच्या जागी बांधून: १५५ आणि २९० वर सिस्टीन घालून डायसल्फाइड बंध, १९० वर फेनिलअलानिन आणि २०७ वर ल्युसिन घालून भरलेली पोकळी. मे २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेली आरएसव्हीची लस अरेक्सव्ही याच वाटेने आली.

तरीही टी-पेशींसाठी माळ ओवायचीच असेल, तर वर्ग १ साठी एएवाय आणि वर्ग २ साठी जीपीजीपीजी हे जोडतुकडे वापरतात. जोडणी झाल्यावर संपूर्ण अनुक्रम पुन्हा आयईडीबीत घाला. सांध्यांवर विषाणूत नसलेले नवे ९-आम्ली तुकडे तयार होतात. त्यांतले एखादे ०.५ पेक्षा खालच्या रँकचे निघाले, तर पेप्टाइडांचा क्रम बदला.