शेंगाळ्याचा काटा की युरिक ॲसिडचे खडे?

म्हापशाच्या बाजारातून आणलेला शेंगाळा साफ करताना काटा बोटात घुसला की सूज येते. (विषाची आग होते, ती वेगळी.) तिसऱ्या आणि बिअरचा बेत झाल्यावर एखाद्याच्या पायाचा अंगठा मध्यरात्री ठणकतो (गाउट, म्हणजे सांध्यात युरिक ॲसिडचे खडे साचतात), तीही सूजच. पहाऱ्यावर दोन्हीकडे मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशीच, पण खबर लागते वेगवेगळ्या प्रथिनांना.

काट्यासोबत जिवाणू आत जातात. त्यांच्यातल्या काहींच्या आवरणात एलपीएस नावाचा मेद-साखरेचा रेणू असतो; तो पेशीच्या पृष्ठभागावरचं टीएलआर-४ हे प्रथिन ओळखतं. हे १९९८मध्ये ब्रूस ब्यूटलर यांच्या गटानं दाखवलं. २०११च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. मग मायडी-८८ या निरोप्या प्रथिनामार्फत निरोप जातो, जनुकं चालू करणारं एनएफ-कॅपा-बी केंद्रकात शिरतं आणि टीएनएफ, आयएल-६ ही सूज आणणारी प्रथिनं बनू लागतात.

अंगठ्यात जंतू नसतोच. युरेटचे (युरिक ॲसिडच्या क्षाराचे) सुईसारखे स्फटिक पेशी गिळते, पोटॅशियम बाहेर जातं आणि आतलं एनएलआरपी-३ हे प्रथिन जागं होतं. त्याभोवती इन्फ्लेमासोम हा प्रथिनांचा जुडगा जुळतो. त्यातलं कॅस्पेज-१ हे कापणारं विकर दोन कामं करतं: सूज आणणारं अर्धवट आयएल-१ बीटा कापून कामाचं करतं आणि गॅस्डर्मिन-डी हे प्रथिन कापून पेशीच्या पटलाला भोकं पाडवतं. तिथून आयएल-१ बीटा बाहेर पडतं. मला हीच वाट जास्त चलाख वाटते, पण कापायचा माल तिला बहुधा टीएलआरसारख्या वाटेनंच मिळतो!

म्हणून नुसत्या गाउटवर अँटिबायोटिक फुकट. डॉक्टर कोल्चिसिनसारखं औषध देतात. काट्याची जखम मात्र स्वच्छ धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा.