ब्लूबेरी की जांभूळ, चिया की जवस: पैसे कुठे घालायचे?

गेल्या महिन्यात भाचीचा मेसेज आला. "मावशी, आईला रोज ब्लूबेरी सुरू करू का? सव्वाशे ग्रॅमची डबी साडेतीनशेला पडते. का त्या पैशात दुसरं काही बरं येईल?" तिची आई म्हणजे माझी ताई. वय चौसष्ट, साखर काठावर, हिमोग्लोबिन कायम कमी, आणि गुडघे कुरकुरतात. आठवड्याला दोन डब्या धरल्या तरी महिन्याला अठ्ठावीसशे रुपये. एवढे घालायचे तर आधी शेजारी शेजारी मांडून बघू, असं म्हणून बसले. जे निघालं ते इथे लिहिते, कारण हाच प्रश्न बऱ्याच घरांत घुटमळत असणार.

ब्लूबेरीला जो लावतात तो 'सुपरफूड' हा शब्द वैद्यकातला नाही, विक्रीतला आहे. गेल्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत केळी खपवायची होती, तेव्हा युनायटेड फ्रूट कंपनीच्या जाहिरातींच्या काळात तो केळ्याला चिकटला. ज्याला आपण 'निदान एक केळं तरी खा' म्हणतो, ते तेव्हाचं सुपरफूड! युरोपीय संघाने तर २००७ पासून, पटेल असा आरोग्यविषयक पुरावा दिल्याशिवाय हा शब्द वेष्टनावर मिरवायला बंदी घातली आहे. तेव्हा शब्द बाजूला ठेवू आणि डबीत काय आहे ते पाहू.

ब्लूबेरी, जांभूळ आणि मध्येच आलेली स्ट्रॉबेरी

शंभर ग्रॅम ब्लूबेरीत ५७ कॅलरी, साधारण १० ग्रॅम साखर, अडीच ग्रॅमच्या आतबाहेर तंतू आणि जेमतेम १० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व. लोह नावाला. जीवनसत्त्वांच्या हिशेबाने हे बेताचंच फळ. त्याचं नाव झालं ते रंगामुळे. तो रंग म्हणजे अँथोसायनिन, आणि रक्तवाहिन्यांना त्याचा फायदा होत असावा असं दाखवणारे बरेच अभ्यास आहेत. पण ब्लूबेरी मधून चिरून बघा. आत फिकट, हिरवटसर गर. सगळा रंग सालीत.

जांभळाचं तसं नाही. चांगल्या पिकलेल्या जांभळाचा गरही गुलाबी-जांभळा असतो आणि दोन खाल्ली की जीभ साक्ष देते. रंगद्रव्यं पाहिली तर दोघांचं गोत्र एकच: डेल्फिनिडिन, पेट्युनिडिन, माल्व्हिडिन ही नावं दोन्हीकडे सापडतात. म्हणून 'जांभूळ म्हणजे आपली ब्लूबेरी' असं जे म्हणतात ते अगदीच हवेतलं नाही.

पण इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. माणसांवरचे मोठे, दीर्घ काळ चाललेले अभ्यास ब्लूबेरीचे आहेत, जांभळाचे नाहीत. अमेरिकेतल्या नर्सच्या आरोग्याचा वर्षानुवर्षं मागोवा घेणारा एक प्रसिद्ध प्रकल्प आहे. त्यातून २०१२ साली असं दिसलं की सत्तरीपुढच्या ज्या बायका बेरी जास्त खात होत्या, त्यांच्या स्मरणशक्तीची घसरण अडीच वर्षांपर्यंत मागे पडलेली होती. २०१३ साली सुमारे ९३,६०० तरुण आणि मध्यमवयीन स्त्रियांच्या १८ वर्षांच्या नोंदींवरून दिसलं की आठवड्यात तीनपेक्षा जास्त वेळा बेरी खाणाऱ्यांमध्ये हार्ट अटॅकचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी होतं. आकडे भारी आहेत, पण हे निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे. रोज बेरी खाणारी बाई बहुधा फिरायलाही जाते, सिगरेटही ओढत नाही, आणि तिच्या हातात चार पैसेही असतात. संशोधक हे सगळं वजा करून बघतात, तरी पुरतं वजा होत नाही.

आणि आता गंमत. या दोन्ही अभ्यासांतल्या बेरी म्हणजे ब्लूबेरी आणि स्ट्रॉबेरी. बातम्यांमध्ये ब्लूबेरीचा फोटो छापला जातो आणि स्ट्रॉबेरी बिचारी मागे राहते. शंभर ग्रॅम स्ट्रॉबेरीत ३२ कॅलरी, साखर पाच ग्रॅमच्या आत, आणि क जीवनसत्त्व ५९ मिलिग्रॅम. म्हणजे साखर निम्मी आणि क जीवनसत्त्व सहापट. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जानेवारी-फेब्रुवारीत तीच पाटी भरून कोपऱ्यावर येते, आणि साखर काठावर असलेल्या माणसाने मूठभर खायला हरकत नसते. 'अभ्यास झालेलीच बेरी हवी' असा हट्ट असेल तर ती आपल्याकडेच पिकते, पेरूहून विमानाने आणायला नको. (पेरू हा देश. फळाकडे नंतर येतेच. ब्लूबेरीच्या निर्यातीत हा देश जगात पहिला आहे.)

जांभळाच्या बाजूने बोलायचं तर चव, ताजेपणा आणि किंमत. पालघरजवळच्या बहाडोलीच्या जांभळालाही आता भौगोलिक मानांकन आहे. विरोधात एकच गोष्ट, मोसम जेमतेम सहा आठवडे. पहिल्या आठवड्यातली तुरट जांभळं घसा धरतात, आणि दोन जोरदार पाऊस झाले की फळ फुटून आंबतं. घेताना वाट्यात एक जरी फुटलेलं असलं तरी मी दुसरा वाटा मागते, कारण घरी पोचेपर्यंत ते शेजारच्या चारांना आंबवतं. मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवायची, मग खायची. गर काढून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवला तर गणपतीपर्यंत पुरतो.

जांभळाच्या बियांच्या पुडीबद्दल भाचीने वेगळं विचारलं होतं. मधुमेहावर ती देतात, पण आधार आहे तो मुख्यतः प्राण्यांवरच्या प्रयोगांचा. पुडी घेऊन गोळी बंद करणं हा धोका आहे, आणि गोळीबरोबर चालू केली तर डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवी.

ब्लूबेरी घ्यायचीच झाली तर फ्रोजन घ्या. गोठवल्याने तिचं फारसं काही जात नाही, वजनाला स्वस्त पडते आणि डबीच्या तळाशी बुरशी लागलेले चार दाणे निघत नाहीत. रस मात्र नको. २०१३ सालीच आलेल्या दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात अख्खी फळं, विशेषतः ब्लूबेरी, द्राक्षं आणि सफरचंद, खाणाऱ्यांत टाइप २ मधुमेह कमी आढळला, आणि फळांचा रस पिणाऱ्यांत उलट जास्त.

सुक्या क्रॅनबेरीचं पाकीट उचलण्याआधी मागची बाजू वाचा. शंभरात सत्तरच्या आसपास ग्रॅम साखर असते, कारण साखरेविना ती कोणी खाणार नाही. क्रॅनबेरीचा एक उपयोग मात्र पक्का आहे. ज्या बायकांना लघवीचा संसर्ग वारंवार होतो, त्यांच्यात तो पुन्हा होण्याचं प्रमाण साधारण पाव हिश्शाने घटतं, असं २०२३ च्या कोक्रेन आढाव्यात (अनेक वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासून काढलेल्या निष्कर्षांत) आहे. संसर्ग झाल्यावर मात्र ती औषध नाही. आणि केकवरच्या त्या लालभडक 'चेरी'ला बेरी समजू नका. आपल्याकडच्या बेकऱ्यांत ती बहुतेकदा करवंदच असते, बी काढून, रंग उडवून, पुन्हा रंगवून पाकात मुरवलेली. डोंगरातल्या करवंदाचा एवढा अपमान दुसऱ्या कोणी केला नसेल.

आवळ्याशी गाठ

क जीवनसत्त्वासाठी ब्लूबेरी घेत असाल तर गणित एकदा करून पाहा. भारतीय स्त्रीला दिवसाला ६५ मिलिग्रॅम लागतं, असं आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) २०२० मध्ये ठरवलं. तेवढं मिळवायला पावणेसातशे ग्रॅम ब्लूबेरी, म्हणजे पाच डब्या फोडून सहावीतल्याही निम्म्याच्या जवळ. खर्च एकोणीसशे रुपयांच्या घरात, एका दिवसाचा! आवळ्याबद्दल जुन्या पुस्तकांत शंभर ग्रॅमला ६०० मिलिग्रॅम असा आकडा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात तो २५० च्या आसपास उतरला. उतरलेला आकडा धरला तरी एक मध्यम आवळा दिवसाचं काम करून जातो. पेरूही दोनशेच्या वर आहे, आणि खायला आवळ्याइतकं धैर्य लागत नाही.

ताईसाठी हा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा होता. तिच्या हिमोग्लोबिनला ब्लूबेरीने काही होणार नव्हतं. आवळ्यातही लोह फारसं नाही, पण मटकीच्या उसळीतलं आणि पालेभाजीतलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्व शेजारी असावं लागतं. म्हणून आवळा नुसता सकाळी उपाशीपोटी नको, जेवणात हवा: किसून कोशिंबिरीत, नाहीतर मीठ-हळदीत मुरवून पानाच्या डाव्या बाजूला. आणि जेवणावर लगेच चहा नको, तो लोह अडवतो. एवढंच ऐकून ताई माझ्यावर दोन दिवस रुसली. मोरावळा साखर काठावर असणाऱ्याने विसरावा. त्यात आवळ्याच्या वजनाइतकीच साखर घातलेली असते, कधी जास्तही.

चिया, जवस, सब्जा

इथे चुरस खरी आहे. शंभर ग्रॅम चियात ३४ ग्रॅम तंतू, १८ ग्रॅमच्या आसपास वनस्पतिजन्य ओमेगा-३ (एक प्रकारचं स्निग्ध आम्ल) आणि ६३० मिलिग्रॅम कॅल्शियम. जवसात तंतू २७ ग्रॅम, कॅल्शियम अडीचशेच्या घरात, पण ओमेगा-३ जवळजवळ २३ ग्रॅम. किंमतीत जवस कितीतरी खाली. चियाचा फायदा असा की भिजवली की झालं, दळायची गरज नाही. जवस अख्खा गिळला तर जसा गेला तसाच बाहेर पडतो. तो कुटलाच पाहिजे, आणि कुटून ठेवला की लवकर खवट होतो. आमच्याकडे विदर्भातल्या पद्धतीची चटणी होते: जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचा, लसूण, तिखट, मीठ घालून जाडसर कुटायचा, आणि दोन आठवड्यांपुरतीच करायची. भाकरीवर दोन चमचे सहज जातात. चियाचं पुडिंग आठवड्याने कोण करतं, सांगा.

मासे खाणाऱ्यांनी या दोघांपैकी कशावरच फार पैसे घालू नयेत. वनस्पतींतलं ओमेगा-३ शरीर थोडंच कामाच्या रूपात बदलतं, बांगड्यात आणि तारलीत ते तयारच असतं.

सब्जा म्हणजे चिया नव्हे, दुकानदार काहीही म्हणो. सब्जा काळाकुळकुळीत, पाण्यात टाकला की दोन-चार मिनिटांत पांढुरक्या गोळ्यात फुगतो. चिया करडी-पांढरी-काळी, ठिपक्याठिपक्यांची, आणि फुगायला वेळ घेते. दोन्ही कोरड्या खाऊन वर पाणी पिऊ नये, घशात अडकतात.

किनोआ, नाचणी, राजगिरा

किनोआ या परदेशी दाण्याचं बळ प्रथिनांत आहे, शंभर ग्रॅममध्ये १४ ग्रॅम. नाचणीत त्याच्या निम्मी, पण कॅल्शियम साडेतीनशे मिलिग्रॅमच्या घरात, म्हणजे वजनाला वजन धरलं तर दुधाच्या जवळपास तिप्पट. किनोआत ते पन्नासच्याही खाली. गुडघे आणि हाडं डोळ्यांसमोर असतील तर निवड सोपी आहे. फक्त नाचणीचं सत्त्व नको, भाकरी हवी. गाळलेलं, शिजवून पातळ केलेलं पीठ साखर झपाट्याने चढवतं.

राजगिऱ्याकडे मात्र कोणी बघत नाही. प्रथिनं किनोआच्या बरोबरीने, कॅल्शियम त्याच्या तिप्पट, लोहही जास्त, आणि कुळही एकच. दोघंही मूळचे अमेरिका खंडातले, दोघंही गवतवर्गातलं धान्य नाहीत. उपवासवाल्यांचं वनस्पतिशास्त्र पक्कं निघालं म्हणायचं! ताईला मी लाडू नाही, राजगिऱ्याच्या लाह्या दुधातून सांगितल्या.

केल ही परदेशी पालेभाजी विरुद्ध शेवग्याचा पाला, यावर वेळ घालवत नाही. पाला घ्या. आणि पुड्या, मग त्या आसाई या ब्राझीलकडच्या फळाच्या असोत की 'मिक्स बेरी'च्या, तंतू आणि ताजेपणा गमावून चौपट किमतीत येतात. रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असेल तर पालेभाज्या एकदम वाढवू नयेत, आणि मूत्रपिंडाचा विकार असेल तर यातलं काहीही वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

भाचीला शेवटी असं कळवलं: थंडीत स्ट्रॉबेरी, पेरू आणि आवळा, जूनमध्ये जांभळं, बारा महिने जवसाची चटणी आणि आठवड्यातून चार वेळा नाचणीची भाकरी. उरलेल्या पैशात हवी तर फ्रोजन ब्लूबेरी, मधल्या रिकाम्या महिन्यांसाठी. तिने ऐकलं, तरी हौस म्हणून एक ताजी डबी आणलीच. ताईने पाच-सहा दाणे तोंडात टाकले, बराच वेळ चघळले आणि विचारलं, "हिला बी नसते? मग खाल्ल्यासारखं कसं वाटायचं?"