टबॅस्को आणि घरचा बिनमिठाचा मिरची सॉस : कमी सोडियमच्या पथ्यातला वापरानंतरचा अनुभव

ज्यांना रक्तदाबामुळे मीठ तोडायला सांगितलंय आणि ज्यांचं तिखटाशिवाय पान हलत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. बाकीच्यांना टबॅस्को हा अमेरिकन मिरची सॉस नुसतं आंबट-तिखट पाणी वाटेल, आणि त्यांचं फारसं चुकणार नाही.

माझी मर्यादा दिवसाला २००० मिलिग्रॅम सोडियम. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना याच्या आत राहा म्हणते. मिठात मोजलं तर ५ ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक सपाट चहाचा चमचा. त्यात भाजी-आमटीतलं मीठ आलं, पाव-बिस्किटातलं आलं, लोणच्याची फोड आली, आणि नाशिककर असल्यामुळे चिवडाही आला. पापडाचं तर विचारूच नका. त्यात मीठ असतंच, वर पापडखार असतो, आणि तोही सोडियमचाच क्षार.

मिरचीत मात्र सोडियम नसल्यात जमा. ते येतं मिरचीबरोबर बाटलीत भरलेल्या मिठातून. म्हणून सॉस निवडताना तो किती तिखट यापेक्षा चमच्याला किती मिलिग्रॅम हे मी आधी बघतो. मूळ लाल टबॅस्कोत तीनच जिन्नस असतात, व्हिनेगर, लाल मिरची आणि मीठ. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातल्या एव्हरी आयलंडवर १८६८ पासून हा सॉस बनतोय. मिरची मिठात कुटून ओकच्या पिंपांत मुरवतात, मग व्हिनेगरमध्ये मिसळतात. ५ मिलीच्या चमच्याला सोडियम ३५ मिलिग्रॅम. त्याच अमेरिकेतल्या फ्रँक्स रेडहॉट या दुसऱ्या मिरची सॉसमध्ये तेवढ्याच चमच्याला १९०. सोया सॉस तीनशेच्या आसपास जातो. दिसायला सगळ्या बाटल्या सारख्याच.

आपल्याकडच्या लेबलवर आकडा १०० ग्रॅम किंवा १०० मिलीला दिलेला असतो, आणि तिथे गोंधळ होतो. टबॅस्कोचा हिशेब १०० मिलीला ७०० मिलिग्रॅम पडतो. खारवलेल्या बटाटा वेफर्सचा आकडाही १०० ग्रॅमला साधारण पाचशे-सहाशेच्या घरात असतो. कागदावर वेफर्स बरे दिसतात! पण वेफर्सचं शंभर ग्रॅमचं पाकीट अर्धं तरी बोलता बोलता संपतं आणि पोटात अडीचशे-तीनशे मिलिग्रॅम जातं. टबॅस्कोच्या बाटलीचं तोंड थेंब थेंब पडेल एवढंच ठेवलेलं असतं. दहा थेंब म्हणजे अर्धा मिली धरा, सोडियम साडेतीन मिलिग्रॅम. दहा थेंबांत वाटीभर उसळ बऱ्यापैकी पेटते. या बाटलीतली मला सर्वांत आवडलेली वस्तू म्हणजे ते अरुंद तोंड. दाबून ओतायच्या बाटल्यांत हात आखडता राहत नाही.

आपल्याकडचे गोडसर चिली सॉस आणि शेजवान चटण्या मी बंद केल्या. तिखट कमी, साखर-मीठ भरपूर, त्यामुळे चव लागेपर्यंत दोन-तीन चमचे वाढले जातात. जिन्नसांच्या यादीत ६२१ दिसला तर ते मोनोसोडियम ग्लुटामेट, म्हणजे अजिनोमोटो. त्यात सोडियम साधारण १२ टक्के, साध्या मिठात ३९. म्हणजे त्याला जेवढा बदनाम करतात तेवढा तो या बाबतीत गुन्हेगार नाही, पण मिठाच्या जोडीला येतो आणि बेरीज वाढवतो. २११ म्हणजे सोडियम बेन्झोएट, सॉस टिकवायला घालतात ते, त्याचं प्रमाण इतकं कमी की मी मोजत नाही.

आता चवीचं. सॉसमुळे जेवण खारट लागत नाही, कुणी तसं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. तिखट म्हणजे कॅप्सेसिन या मिरचीतल्या झोंबणाऱ्या द्रव्याने चेतवलेली उष्णतेची-झोंबण्याची जाणीव, आणि ती मिठाची जागा घेत नाही. मिठाची उणीव झाकायचं निम्म्याहून जास्त काम आंबट करतं, असं मला इतक्या महिन्यांनंतर वाटतं. म्हणूनच नुसती मिरचीपूड वाढवून माझं भागलं नाही आणि व्हिनेगरवाल्या सॉसने भागलं. आणि तो शिजताना घालायचा नाही. उकळीत व्हिनेगरचा तो नाकात जाणारा वास उडतो आणि उरतं फिकट तिखट. ताटात वाढल्यावर, वरून, घासाला लागेल असा.

जमतो कुठे? मटकीची उसळ, उकडलेलं अंडं, पिठलं, कांदा-काकडीची कोशिंबीर, मुगाचं धिरडं. बिनमिठाच्या ताकात भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि दोन थेंब, हे ऐकायला विचित्र आहे पण घरात आता सगळेच पितात. पावसाळ्यात सोमेश्वरच्या धबधब्यावर कणीसवाल्याला मी ‘दादा, तिखट-मीठ नको, नुसतं लिंबू चोळा’ म्हणतो आणि खिशातली बाटली काढतो. पहिल्यांदा तो हसला, आता स्वतःच विचारतो, ‘काका, तुमचं औषध आणलंय का?’

जमत नाही वरण-भाताला. साध्या वरणावर टबॅस्को म्हणजे वरणाचा अपमान. तिथे तुपात तडतडलेला लसूण आणि लिंबू एवढंच. भाकरीबरोबरही तो पोरका वाटतो, भाकरीला ठेच्यासारखं दाट काहीतरी हवं. शिवाय व्हिनेगरचा वास आपल्या गोडा-काळ्या मसाल्याच्या अंगावर येतो. यामुळेच मी घरच्या सॉसकडे वळलो, आणि आता वापर त्याचाच जास्त आहे.

सुक्या मिरच्या रविवार कारंज्याच्या बाजूने आणतो. रंगाला बेडगी, झटक्याला थोडी लवंगी. देठं काढून, कोरड्या तव्यावर जराशा गरम करून कढत पाण्यात अर्धा तास भिजवायच्या. मग सालं काळी होईस्तोवर भाजलेला एक टोमॅटो, लसूण, भाजलेले जिरे आणि चिमूटभर साखर घालून बारीक वाटायचं. वाटण चांगलं उकळून, गॅस बंद केल्यावर व्हिनेगर सढळ हाताने घालायचं आणि उकळून वाळवलेल्या काचेच्या बाटलीत भरायचं. मीठ अजिबात नाही. सोडियम येतं ते टोमॅटो-लसणातलं नैसर्गिक, धरायच्याही लायकीचं नाही. लवंगीचा हात सांभाळा, आणि वाटताना खिडकी उघडी ठेवा.

मात्र मीठ नाही म्हणजे टिकाऊपणाही नाही. हा सॉस फ्रिजमध्येच ठेवायचा, थोडाच करायचा आणि आठवड्या-दीड आठवड्यात संपवायचा. मिरची आंबवून सॉस करायच्या कृती सगळीकडे दिसतात. त्यांत मीठ चवीसाठी नसतं, नको ते जंतू रोखून धरण्यासाठी असतं. ते गाळून आंबवण्याचा प्रयोग करू नका. लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवायचा प्रकारही नको, त्यात बोटुलिझमचा, म्हणजे जिवावर बेतू शकणाऱ्या अन्नविषबाधेचा, धोका असतो.

बाहेरच्या मिसळीचा प्रश्न कुठलाच सॉस सोडवत नाही. मीठ रश्श्यात आहे, फरसाणात आहे, पापडात आहे, पावात आहे, मी वरून काय घालतो याने काही फरक पडत नाही. रविवारी सकाळी मित्रमंडळी गंगापूर रोडला जमली की मी रस्सा आणि पापड बाजूला सारतो, थोडी मटकी, कांदा, लिंबू, दही आणि एकच पाव घेतो. त्या दिवशी बाकीची दोन्ही जेवणं जवळपास अळणी. घरी मिसळ केली तर फरसाणाऐवजी बिनमिठाचे तळलेले पोहे आणि शेंगदाणे घालतो, वर घरचा सॉस. कुरमुरे घेऊ नका, दिसतात साधे पण ते बनवतानाच मिठाचं पाणी लावलेलं असतं.

त्रासाचंही सांगतो. पित्त असेल तर रिकाम्या पोटी हा प्रकार नको, मला रात्री उशिरा घेतला की जळजळ होते. फार झोंबलं तर पाणी पिऊन उपयोग नाही, कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. दूध किंवा दही घ्या.

‘कमी सोडियमचं मीठ’ घेऊन सॉस करा असं बरेचजण सुचवतात. त्या मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. टेल्मिसार्टनसारखी रक्तदाबाची गोळी चालू असेल किंवा मूत्रपिंडाची तक्रार असेल तर रक्तात पोटॅशियम वाढू शकतं, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मी विचारलं, नाही म्हणाले, विषय संपला.

टबॅस्को परत घेणार का? घेणार, पण ६० मिलीची छोटी बाटलीच. कॉलेज रोडच्या मोठ्या दुकानांत सहज मिळते, माझी कित्येक आठवडे जाते. ती प्रवासाला, ऑफिसच्या डब्याला आणि कणसाला. घरात फ्रिजमधली बाटली आहेच. लाल टबॅस्को घेताना हिरव्या किंवा इतर चवींचा आकडा तोच असेल असं धरू नका, प्रत्येक बाटलीची पाठ वेगळी वाचा.