नमाजनंतरच्या दुआंचं मराठी कार्ड: घ्यायचं की नाही?

मडगावच्या मार्केटात अत्तर, टोप्या, तसबीह (जपमाळा) विकतात तशा एका दुकानातून घेतलं, लॅमिनेट केलेलं, पोस्टकार्डापेक्षा थोडं मोठं, तीस रुपये. पुढे सलाम फेरल्यावरच्या, म्हणजे नमाज संपल्यावरच्या दुआ अरबीत, खाली देवनागरीत आणि मराठी अर्थ, मागे आयतुल कुर्सी ही कुराणातली आयत. आमची पोरं मराठी मीडियमची, अरबी हिज्जे करत करत वाचतात, आणि उर्दू-हिंदीत असली कार्डं ढीगभर मिळतात पण मराठी अर्थासकट शोधून बघा जरा.

मला सगळ्यात आवडला तो क्रम. बरीच कार्डं डायरेक्ट 33-33-34 च्या तसबीहवरच (सुभानल्लाह, अल्हम्दुलिल्लाह, अल्लाहु अकबर मोजून म्हणायचं त्यावर) उडी मारतात, ह्याच्यात सगळ्यात वर मोठ्या ठशात तीनदा अस्तगफिरुल्लाह (अल्लाहकडे माफी मागतो) आणि मग अल्लाहुम्मा अन्तस्सलाम ही दुआ. पैगंबर साहेबांचे साथीदार हजरत सौबान रजि. यांची सहीह मुस्लिम ह्या हदीसच्या ग्रंथातली रिवायत (सांगितलेली हदीस) आहे त्यात हाच क्रम आहे. धाकट्याने लगेच विचारलं, आत्ता तर नमाज पढलो मग माफी कसली? तर कार्डावरच एक ओळ दिलीय की नमाजेत जी कसर राहिली तिची माफी. पटलं बुवा, जोहरला, दुपारच्या नमाजला उभं राहिलं की माझ्या डोक्यात वेर्ण्याची बस आणि गॅसचा नंबर चालू असतो.

आता तक्रार, आणि ही मोठी आहे. अन्तस्सलामची दुआ "तबारकता या जल जलालि वल इकराम" वर संपायला हवी, तर मध्येच "व इलैका यर्जिउस्सलाम, हय्यिना रब्बना बिस्सलाम" वगैरे सलग छापलंय आणि खाली लिहिलंय सहीह मुस्लिम. त्या रिवायतीत हे वाढीव शब्द नाहीत. आपल्याकडे जुनी माणसं लांब दुआ पढतात, त्यांच्याशी माझं काही भांडण नाही, पण हवाला देताय तर तेवढाच भाग वेगळ्या रंगात तरी द्या ना. सहीह मुस्लिममध्येच पैगंबर साहेबांच्या पत्नी हजरत आयेशा रजि. यांच्याकडून आहे की सलामनंतर पैगंबर साहेब एवढी छोटी दुआ म्हणण्यापुरतेच बसायचे. शिफ्टच्या सुट्टीत नमाज पढणाऱ्याला हे कळलं तर किती बरं वाटेल!

लॅमिनेशन बोगस. अडकवायला वर भोक पाडलंय ते प्लास्टिक चिकटवल्यानंतर, कागदासकट आरपार, त्यामुळे पावसाळ्यात दमट हवा तिथूनच आत शिरली आणि वरचा लाल ठसा पसरून गुलाबी झाला, नेमका अस्तगफिरुल्लाहचा. गोव्यात जून ते सप्टेंबर भिंतीला लावायचं असेल तर आधी झेरॉक्सवाल्याकडून परत लॅमिनेट करून घ्या, भोक न पाडता, आणि डबल टेपने चिकटवा.

आयतुल कुर्सीची बाजू बारीक अक्षरात आहे, चष्मेवाल्यांनी विसरा. मशिदीत वुजूखान्याजवळ (नमाजआधी हात-पाय धुतात तिथे) लावायला देणार असाल तर त्याच दुकानात मोठ्या साइजचं पण होतं, ते बघा. पाचपैकी साडेतीन.