डिसेंबरातली गळती

मालवणला चिवला बीचवर डिसेंबरात सागरी जलतरण स्पर्धा असते. राज्यभरातून पोहणारी पोरं येतात आणि एकेका पोरामागे आई, बाबा, कोच, क्वचित आजीसुद्धा. आधीच डिसेंबर म्हणजे तारकर्ली-देवबागचा सीझन. त्यात ही गर्दी. त्या शनिवार-रविवारी मालवणात खोली मिळणं म्हणजे गणपतीत कोकण रेल्वेचं कन्फर्म तिकीट मिळण्यासारखं.

माझी मुलगी आठवीत आहे. तलावात फेऱ्या मारून तिला कंटाळा आला होता, समुद्र हवा होता. एक किलोमीटरला नाव घातलं. आम्ही चिपळूणचे. पहाटे हजेरी लावायची म्हटल्यावर आदल्या रात्री मालवणात मुक्काम हवाच. म्हणून मी स्वतःला शहाणा समजून महिनाभर आधीच बीचजवळच्या एका घरगुती लॉजवाल्याला फोन केला. दोन रात्री, रोजचे १,८००. हजार रुपये ॲडव्हान्स पाठवला. त्याने चार फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, ‘ओके दादा, रूम तुमची.’ फोटोत टॉवेलचा हंस केलेली गादी होती, हिरवी खिडकी होती आणि त्या खिडकीच्या एका काचेच्या जागी बिअरच्या खोक्याचा पुठ्ठा लावलेला होता. बायको म्हणाली, निदान फोटो खरे आहेत. त्या पुठ्ठ्यामुळे माझा विश्वास वाढला, हे आज लिहिताना हसू येतं.

स्पर्धेच्या तीन दिवस आधी त्याचा फोन.

“सायबानु, वायच प्रॉब्लेम झालो हा. खोलयेक गळती लागली.”

“डिसेंबरात?”

“टाकयेची ओ, पावसाची न्हय. पण तुमका दुसरी देतंय. एसीवाली.”

एसीवालीचे साडेचार हजार, वर १८ टक्के जीएसटी. मी म्हटलं, ठरलेल्या दरात द्या, चूक तुमची आहे. तर म्हणाला, ह्या दिवसांचा रेटच हा आहे, जमत नसेल तर ॲडव्हान्स परत करतो, ‘बायकोला सांगतो पाठवायला’. ते सांगणं काही झालं नाही. पुढचे दोन दिवस फोन वाजून वाजून बंद.

जीएसटीचं तेव्हाच खटकलं होतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजच्या ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के कर आहे. १८ टक्के लागतो तो त्याच्या वरच्या खोलीवर. आणि कर घ्यायचा तर जीएसटी नंबर हवा, नंबर असलेलं बिल हवं. नंबर विचारला तेव्हा समोरून नुसतं ‘बघतंय’ आलं. तुम्हीही विचारा. ज्याच्याकडे नंबर नाही त्याने मागितलेला जीएसटी सरळ त्याच्याच खिशात जातो.

आता कुणी म्हणेल, सीझनला दर वाढणारच, त्यात रडायचं काय. कबूल. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी बंद, वॉटर स्पोर्ट्स बंद, त्या महिन्यांत ह्या लोकांच्या खोल्यांना नुसती बुरशी चढते. चार सुट्ट्यांत वर्षाची कमाई करायची असते. त्याने मला पहिल्याच फोनवर साडेचार हजार सांगितले असते तर मी कुरकुरलो असतो, पण दिले असते किंवा दुसरीकडे गेलो असतो. माझा मावसभाऊ २०२३ साली भारत-पाकिस्तान सामना बघायला अहमदाबादला गेला होता. तिथे दर एवढे भडकले होते की लोक बॉडी चेकअपच्या नावाने दवाखान्यात खोली मिळते का विचारतात, अशा बातम्या छापून आल्या होत्या. त्यात सामना १५ ऑक्टोबरवरून १४ वर आला आणि परतावा नसलेलं १५ चं बुकिंग त्याच्या गळ्यात राहिलं. बिचाऱ्याने पैसे मोजले, चरफडला, पण त्याला कुणी फसवलं नव्हतं. दर समोर लिहिलेला होता, अटही लिहिलेली होती. चढा दर लावणं हा धंदा आहे. माझी खोली मला सांगून दुसऱ्याला विकणं ही लबाडी आहे.

हे कळलं मात्र नंतर. त्याआधी अजून एका खड्ड्यात पडता पडता वाचलो. घाईघाईत मोबाइलवरच्या नकाशात शोधून एका ‘रिसॉर्ट’च्या नंबरला फोन लावला. दर २,२०० फक्त. एवढ्या गर्दीत एवढा स्वस्त, तेव्हाच कान टवकारायला हवे होते, पण गरजवंताला अक्कल नसते. माणूस गोड, हिंदीत बोलणारा. एका रात्रीचे पैसे भरले. मग म्हणाला, सिस्टीममध्ये दोन्ही रात्रींची रक्कम दिसायला हवी, हा क्यूआर स्कॅन करून ४,४०० चा पिन टाका, जास्तीचे लगेच तुमच्याकडे उलटे येतील. मी पिन टाकणार तेवढ्यात मागून मुलगी म्हणाली, “बाबा, पैसे यायला पिन कशाला लागतो?”

लागत नाही. पिन लागतो तो आपल्याकडून पैसे जाताना. मी लगेच १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवली, त्यात जितका उशीर तितका पैसा पुढच्या खात्यात सरकतो. ते २,२०० अजून आलेले नाहीत. नंतर एका ओळखीच्या मालवणकराने सांगितलं, त्या नावाचं रिसॉर्ट खरंच आहे, नकाशावरचा नंबर मात्र भलत्याचाच. नकाशावरचे तपशील बदलायला बाहेरचा माणूसही सुचवू शकतो, म्हणून तो नंबर आणखी कुठेतरी ताडून बघायचा असतो. हे मला छप्पन्नाव्या वर्षी आठवीतल्या मुलीच्या देखत कळलं.

शेवटी कुडाळला एक साधी खोली मिळाली. मालवण तिथून पंचवीस-तीस किलोमीटर. पहाटे साडेतीनला उठून, थर्मासात चहा भरून निघालो. मुलगी मागच्या सीटवर झोपली होती. तिला ताजंतवानं उठून पाण्यात उतरता यावं एवढ्याचसाठी मी महिनाभर आधी फोन केला होता. असो. तिने एक किलोमीटर पार केला, बाहेर येऊन थरथरत वडापाव खाल्ला, आणि तिथे टॉवेल गुंडाळून बसलेल्या एका कोल्हापूरच्या मुलीशी तिची गट्टी जमली. त्या मुलीचे वडील मला फोटो दाखवायला लागले. पोरीच्या दंडावर मार्करने लिहिलेला नंबर, मागे हिरवी खिडकी, खिडकीत बिअरच्या खोक्याचा पुठ्ठा.

मी विचारलं, किती घेतले?

“बावन्नशे एका रात्रीचे. आम्हाला म्हणाला, चिपळूणच्या पार्टीनं ऐनवेळी कॅन्सल केलं, म्हणून तुम्हाला मिळतीय. नशीबवान आहात.”

चिपळूणची पार्टी म्हणजे मी. मी म्हटलं, खोलीत गळत होतं का कुठे? तर ते म्हणाले, “गळायला पाणी तर पाहिजे की ओ. सकाळपासून नळच कोरडा.”

आम्ही दोघांनी मग वाळूतच बसून हिशेब मांडला. त्यांनी मला फोटो पाठवला, त्यांच्या पैसे भरल्याची पावती पाठवली. मी माझ्या चॅटचे स्क्रीनशॉट काढले आणि तेव्हा लक्षात आलं की माझ्याकडे धड काहीच नाही. ‘रूम तुमची’ ह्यात तारीख नाही, दर नाही, रात्री किती ते नाही. दर सगळा फोनवर ठरलेला. हजार रुपये भरताना टीप लिहायची जागा मी रिकामी सोडली होती आणि पैसे गेले होते ते भलत्याच कुणाच्या नावावर. म्हणून सांगतो, पैसे पाठवायच्या आधी एकच मेसेज स्वतः लिहा: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, इतक्या रात्री, कुठली खोली, करासकट एकूण इतके, रद्द केलं तर कुणी किती द्यायचं. त्यावर समोरून ‘होय’ आल्याशिवाय एक रुपया हलवू नका. पैसे पाठवताना टिपेत तारीख लिहा. आणि स्पर्धेसाठी जात असाल तर आधी आयोजकांना विचारा, त्यांच्याकडे गावातल्या घरांची माहिती असते. मी ते विचारलंच नव्हतं, कारण मी शहाणा होतो.

तिथूनच त्याला मेसेज केला. कोल्हापूरच्या पावतीचा फोटो, पुठ्ठ्याच्या खिडकीचे दोन्ही फोटो शेजारी शेजारी आणि खाली एवढंच: २०१९ च्या ग्राहक कायद्याप्रमाणे मी माझ्या गावच्या जिल्ह्यात, म्हणजे रत्नागिरीच्या ग्राहक आयोगात, तक्रार करू शकतो, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, आणि १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनला मी घरी पोचायच्या आधी फोन लावणार आहे. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

कसालला हायवेला लागेपर्यंत हजार रुपये जमा झाले होते, एका शब्दाशिवाय. कोल्हापूरकरांना काहीच मिळालं नाही. त्यांनी खोली वापरली होती आणि त्यांचा दर त्यांना आधी सांगितलेला होता. ते मला म्हणाले, “तुमच्या नावानं आम्ही जास्त भरले की ओ.” ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आठवड्याने त्याच लॉजवाल्याच्या नंबरवरून मला मेसेज आला. बहुधा सगळ्या यादीला गेला असेल: ‘थर्टी फर्स्टसाठी मर्यादित रूम शिल्लक. ॲडव्हान्स भरून आजच निश्चिंत व्हा.’ सोबत चार फोटो होते. पुठ्ठा अजून तिथेच होता.