इंधन भरल्यावर कळलेली फसवणूक

महागडा लायटर घ्यावा की साधा, या प्रश्नात मी बरेच दिवस घालवले आणि शेवटी ज्याचे पैसे मोजले तो ना महागडा निघाला, ना लायटर म्हणून धड. दोष निम्मा विक्रेत्याचा आणि निम्मा माझ्या हौसेचा, हे आधीच कबूल करतो.

मला हवा होता झिप्पो. १९३२ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या ब्रॅडफर्ड या गावी सुरू झालेल्या या कंपनीची आजन्म हमी प्रसिद्ध आहे: बाह्य मुलामा सोडला, तर लायटर कितीही जुना असो, बिघडल्यास कंपनी तो विनामूल्य दुरुस्त करून देते. महाग लायटरच्या बाजूने मला पटलेला एकमेव सबळ मुद्दा हाच होता, कारण ठिणगी दोन्हीकडे सारखीच, चाकाने फेरोसेरियम या ठिणग्या पाडणाऱ्या मिश्रधातूचा खडा घासून पडणारी. ऑनलाइन एका विक्रेत्याकडे तो लायटर ‘नवा, मोहोरबंद’ म्हणून जवळपास निम्म्या किमतीत दिसला. मी कंपनीचा ठसा असतो त्या तळाचा फोटो मागितला, त्याने लगेच पाठवला, आणि तेवढ्यावर माझे समाधान झाले.

डबी आली, हमीपत्र आले, आणि झाकण उघडताना अपेक्षित तो खणखणीत आवाजही आला. फक्त लायटर पेटवून पाहता येईना, कारण द्रव इंधनावर चालणारा नवा लायटर वाहतुकीच्या सुरक्षिततेसाठी रिकामाच पाठवला जातो आणि इंधन वेगळे विकत घ्यावे लागते. या फसवणुकीचे सारे मर्म या एका गोष्टीत आहे. इंधन हाती येईपर्यंत परतीच्या मुदतीतले बरेच दिवस निघून गेले होते. आणि लायटर भरून पेटवला की त्याची वात काळी पडते, इंधन शोषून ठेवणाऱ्या आतल्या कापसाला वास लागतो, म्हणजे ज्या चाचणीने खोट उघडी पडणार त्याच चाचणीने वस्तू ‘वापरलेली’ ठरते. विक्रेत्याचे उत्तरही नेमके तसेच आले: वापराच्या खुणा दिसत असल्याने परत घेता येणार नाही.

खोट कशी दिसली, ते जरा तपशिलाने सांगतो. पहिल्या दिवशी दहा वेळा चाक फिरवल्यावर तीनदा ज्योत लागली. दुसऱ्या दिवशी खिशातून इंधन पाझरले आणि मांडीवर तळहाताएवढा लाल चट्टा उठला. इंधन जास्त भरले तर अस्सल लायटरही असाच पाझरतो, म्हणून मी आधी स्वतःलाच बोल लावला. मग एका मित्राने त्याचा अस्सल झिप्पो आणला आणि आम्ही दोन्ही लायटर टेबलावर उलटे ठेवून भिंगाखाली पाहिले. अस्सल लायटरच्या तळावर नावाच्या डावीकडे महिन्याचे अक्षर असते, जानेवारीसाठी ‘ए’ ते डिसेंबरसाठी ‘एल’, आणि उजवीकडे वर्षाचे शेवटचे दोन अंक. माझ्या लायटरच्या तळावर ‘सी’ आणि ‘१९’, म्हणजे मार्च २०१९, असा ठसा होता. पण आतली यंत्रणा बाहेर ओढली तेव्हा तिच्यावर ‘जे’ आणि ‘०८’, म्हणजे ऑक्टोबर २००८, असे उमटलेले. दोन्ही भागांत थोड्या महिन्यांचा फरक असू शकतो, आणि जुन्या लायटरची यंत्रणा बदललेलीही असू शकते. पण मोहोरबंद नव्या लायटरमध्ये जवळपास साडेदहा वर्षांचे अंतर पडेलच कसे? शिवाय ज्योतीभोवतीच्या पत्र्याला अस्सल लायटरमध्ये दर बाजूला आठ छिद्रे होती, तर माझ्यात त्यांच्या कडा ओबडधोबड आणि एक छिद्र अर्धेच पडलेले. म्हणजे ज्या हमीसाठी मी पैसे मोजले होते, ती या वस्तूला मुळात लागूच नव्हती.

या सगळ्या काळात घरातली मेणबत्ती, शेगडी आणि भटकंतीतली चूल पेटवली ती एका साध्या प्लॅस्टिकच्या गॅस लायटरने. तो विकत घेताना आधीच भरलेला असतो. दुकानात एकदा पेटवून पाहायचा, नाही पेटला तर दुसरा उचलायचा, पैसे त्यानंतर द्यायचे. बिक कंपनीने असा लायटर १९७३ साली बाजारात आणला आणि आपला मोठा लायटर ३,००० वेळांपर्यंत पेटू शकतो असे ती सांगते. आयएसओ ९९९४ या लायटरांसाठीच्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकानुसार अशा लायटरला दीड मीटर उंचीवरून पडूनही सुरक्षित राहावे लागते. मात्र नाव नसलेल्या, शिवणीतून गॅस सुटणाऱ्या लायटरला मी यात धरत नाही. स्वस्त आणि भरवशाचा हे दोन्ही शब्द एकत्र लागू व्हायला हवेत.

अस्सल महागड्याची बाजूही मांडतो. वाऱ्यात त्याची ज्योत टिकते, थंडीत साध्या लायटरमधला ब्युटेन वायू सुस्तावतो तेव्हा तो हमखास पेटतो, आणि खडा, वात, कापूस बदलत तो वर्षानुवर्षे वापरता येतो. पण त्यातले इंधन न वापरताही आठवड्या-दोन आठवड्यांत उडून जाते, त्यामुळे क्वचित लागणाऱ्याने तो घेतला तर ऐन वेळी कोरडाच हाती येतो. रोज वापरणाऱ्याने आणि भरण्याचा कंटाळा नसणाऱ्याने तो जरूर घ्यावा, मात्र अधिकृत विक्रेत्याकडून, आणि इंधन भरण्याआधी आतला व बाहेरचा ठसा ताडून पाहावा. मी तेवढेच केले असते तर वस्तू कोरी असतानाच परत गेली असती.

मला पाठवलेल्या तळाच्या फोटोत ‘एफ’ आणि ‘२१’ होते; आलेल्या लायटरवर ‘सी’ आणि ‘१९’. मी तेव्हा दोन्ही शेजारी ठेवून पाहिलेच नाहीत. फोटोच्या डाव्या कोपऱ्यात कुणाच्या तरी अंगठ्याची सावली पडली आहे, आणि सावलीसकट तोच फोटो त्या विक्रेत्याने आता आणखी चार ‘नव्या, मोहोरबंद’ लायटरांखाली लावलेला आहे.