इंदूरचा सराफा : रात्री काय खावं, काय सोडावं

इंदुरात रात्र सुरू होते ती राजवाड्याच्या मागे. सराफ्यातल्या सोन्याचांदीच्या पेढ्या आठ-साडेआठला शटर ओढतात आणि त्याच ओट्यांसमोर कढया, तवे, परातींची मांडामांड सुरू होते. साडेनऊपर्यंत गल्ली भरते ती रात्री एक-दीडपर्यंत, शनिवारी त्याहूनही उशिरापर्यंत. पेढ्यांच्या रस्त्यावर रात्रभर वर्दळ राहिली की चोरांची भीती कमी, म्हणून सराफांनी खाण्याच्या गाड्यांना जागा दिली, असं इथे सांगितलं जातं. आता मात्र दाटीवाटीतल्या गॅस सिलिंडरांमुळे आगीची काळजी सराफांनाच वाटते आणि गाड्या किती असाव्यात यावर वाद चालू असतो. ही काळजी रास्त आहे. गल्ली अरुंद आहे, जुनी लाकडी घरं लागून आहेत आणि गर्दीच्या वेळी मागे वळायलाही जागा नसते.

म्हणून वेळेचं आधी पाहा. सोमवार ते गुरुवार, रात्री दहाच्या सुमारास पोहोचणं सगळ्यात चांगलं. तेव्हा सगळे तवे तापलेले असतात आणि माल ताजा असतो. शनिवार-रविवारी साडेनऊ ते बारा या वेळात चालणं म्हणजे नुसतं ढकलाढकलीत पुढे सरकणं. म्हातारी माणसं किंवा लहान मुलं बरोबर असतील तर त्या वेळी जाऊच नका. बसायला खुर्च्या नाहीत. उभ्यानं खायचं, फार तर बंद पेढीच्या पायरीवर टेकायचं. गाडी घेऊन आत शिरता येत नाही. रिक्षानं राजवाडा चौकात उतरा आणि दोन-तीन मिनिटं चाला. धनत्रयोदशी-दिवाळीत सराफी उशिरापर्यंत चालते, त्यामुळे खाण्याचा बाजार फार उशिरा लागतो किंवा लागतच नाही. रंगपंचमीला राजवाड्यावरून गेर, म्हणजे रंग उडवत जाणारी मिरवणूक, निघते. त्या दिवशी हा सगळा भाग रंगात आणि गर्दीत बुडालेला असतो, खाण्यासाठी तो दिवस निवडू नका.

सराफा पूर्ण शाकाहारी आहे आणि दारू इथे नाही.

आता खाण्याचं. सराफ्यात शंभर पदार्थ दिसतात, पण इथे येण्याचं कारण असलेले पदार्थ सात-आठच, आणि त्यातले दोन ऋतूवर अवलंबून आहेत. पावसाळ्यात आलात तर भुट्ट्याचा कीस, थंडीत आलात तर गराडू. हे दोन त्यांच्या हंगामात खाल्ले तर इंदूरला येण्याचे कष्ट वसूल होतात. हंगाम सोडून खाल्ले तर दोन्ही सुमार लागतात आणि मग लोक म्हणतात, एवढं काय त्यात?

भुट्ट्याचा कीस मक्याच्या कोवळ्या कणसाचा. दाण्यात नख रुतवलं की पांढरं दूध उडालं पाहिजे. कणीस किसणीवर किसायचं, तूप किंवा तेलात जिरं-मोहरी, हिंग, हिरवी मिरची घालून कीस परतायचा आणि थोडं थोडं दूध घालत मंद आचेवर शिजवायचा. चार मध्यम कणसांना साधारण एक वाटी दूध लागतं. शेवटी मीठ, चिमूटभर साखर, वरून लिंबू, कोथिंबीर, ओलं खोबरं आणि जिरावण हा इंदुरी मसाला. बिघडतं ते दोन ठिकाणी. कणीस जून असेल तर पीठ जास्त सुटतं आणि कीस खळीसारखा चिकट होतो. आणि वर्षभर कीस विकता यावा म्हणून गोड अमेरिकन मका वापरला तर तो पाणचट आणि नको तितका गोड लागतो, मिरचीचा झटका मरून जातो. देशी मक्याचा कीस जुलैअखेरपासून सप्टेंबरपर्यंत खावा. गाडीवर घेताना तव्याच्या कडेचा वाळलेला ढीग गरम करून देत असतील तर पुढे जा. मधल्या भागातून वाफ येतेय, कीस ओलसर आहे आणि कालथ्याला धरून न बसता सुटून पडतोय, तिथे थांबा.

गराडू हा कंद, आपल्याकडच्या कोनफळाच्या कुळातला, आतून पांढरा. माळव्यात तो नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत मिळतो. साल काढून तुकडे करतात, एकदा तळून बाजूला ठेवतात आणि गिऱ्हाईक आलं की पुन्हा कडकडीत तेलात सोडतात. पहिल्या तळणीत आतला गर शिजतो, दुसरीत बाहेर कुरकुरीत कवच येतं. त्यावर लिंबू पिळून गराडूचा मसाला टाकतात, म्हणजे काळं मीठ, आमचूर, लाल तिखट आणि गरम मसाल्याचं तिखट-आंबट मिश्रण. लिंबू नुसतं चवीला नसतं. हा कंद कच्चा राहिला तर घशाला खाजतो आणि आंबटपणानं ती खाज कमी होते. म्हणून लिंबू सढळ मागा. तुकडा दाताखाली मेणासारखा लागला तर तो पहिल्याच तळणीचा आहे. 'एक बार और तल दो, भिया' असं सांगायला संकोच करू नका, तळून देतात. शंभर ग्रॅम दोघांना पुरे. आणि तो तिथेच उभ्या उभ्या संपवा, कारण पाच मिनिटांत गार होऊन चिवट होतो.

जोशी दहीवडा हाउसबद्दल सगळ्यांनी ऐकलेलं असतं ते दह्यासह वडा हवेत उडवून झेलण्यामुळे. तो प्रकार बघण्यासारखा आहेच, पण त्यामागे पदार्थाची परीक्षा आहे. दही पातळ असतं तर सांडलं असतं. वडा मऊ, दही घट्ट आणि बेताचं गोड, त्यावर एकाच चिमटीतून पाच मसाले वेगवेगळे सोडले जातात. ती चिमूट जवळून बघा: बोटांच्या पेरांत प्रत्येक मसाला वेगळा धरलेला असतो आणि बोट सरकेल तसा एकेक सुटतो, त्यामुळे दह्यावर ते मिसळून न जाता वेगवेगळे पडतात आणि प्रत्येक घासाला चव बदलते. चमच्यानं ढवळून एकजीव करू नका, सगळी मेहनत वाया जाते. भुट्ट्याचा कीसही इथे चांगला मिळतो.

विजय चाट हाउसची खोपरा पॅटिस ही तिसरी न चुकवण्याची गोष्ट. बाहेर बटाट्याचं आवरण, आत ओल्या खोबऱ्याचं गोडसर-तिखट सारण. आपल्याकडे उपवासाला करतात त्या खोबऱ्याच्या पॅटिसशी नातं सांगणारी, पण आकारानं मोठी आणि सारणात सुकामेवा. दोन जणांत एक पॅटिस पुरते. दह्याबरोबर देतात तेव्हा दही वेगळ्या द्रोणात मागा, नाहीतर कवच लगेच भिजतं.

साबुदाण्याच्या खिचडीला मराठी माणूस इथे हमखास नाक मुरडतो, आणि तिथेच फसतो. इंदुरी खिचडी तुपात परतलेली नसते. भिजवलेला साबुदाणा मोठ्या भांड्यात वाफेवर ठेवलेला असतो. तुम्ही मागितली की तो वाडग्यात घेऊन मीठ, मिरची, मसाला, लिंबू, कोथिंबीर, फराळी चिवडा घालून हातानं कालवून देतात. दाणा मोकळा, हलका, जवळजवळ तेलाशिवाय. भेळीच्या वळणाचा पदार्थ म्हणून खा, आपल्या खिचडीशी तुलना करत बसू नका, म्हणजे आवडेल. सांवरियाची खिचडी नावाजलेली आहे. दाणे एकमेकांना चिकटून गोळा झाला असेल तर साबुदाण्याला वाफ जास्त लागली असं समजा.

गोडात जलेबा. एकाच जिलबीचं वजन पाव किलो किंवा त्याहून जास्त, त्यामुळे एक जलेबा चार जणांना भरपूर होतो. जाडीमुळे तो तळणं अवघड आहे. आच मोठी ठेवली तर बाहेर लाल होतो आणि आत पीठ कच्चं राहतं. मंद आचेवर वेळ देऊन तळलेला हवा आणि पाकात बुडून पूर्ण भिजलेला हवा. मोडून बघा: आत पोकळ नळी असेल आणि तिच्यात पाक भरलेला असेल तर उत्तम, पांढरं पीठ दिसलं तर परत द्या. ताटात सजवून ठेवलेला गार जलेबा घेऊ नका, कढईतून निघणाऱ्यासाठी दहा मिनिटं थांबा. वर रबडी टाकून देतात, ती घेतली नाही तरी चालेल. थंडीत मुगाचा शिरा आणि कढईतलं केशर दूध मिळतं, तेव्हा जलेब्याऐवजी ते घेतलेलं बरं.

पेय म्हणाल तर शिकंजी. उत्तरेतल्या लिंबाच्या सरबताशी या शिकंजीचा संबंध नाही. इथली शिकंजी म्हणजे तासन् तास आटवलेलं दूध, त्यात मठ्ठा, केशर, वेलची, जायफळ आणि सुकामेवा. इतकी दाट की चमच्यानं खावी लागते. बड्या सराफ्यातल्या नागोरीची शिकंजी जुनी आणि प्रसिद्ध. थोडा आंबटपणा हवाच, नाहीतर ती नुसती बासुंदी होते. एक ग्लास दोघांत घ्या आणि शेवटी घ्या. सुरुवातीला घेतलीत तर पोट तिथेच भरतं आणि पुढचं सगळं हुकतं. सराफ्यात पहिल्यांदा येणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक हीच.

चार जणांसाठी क्रम असा ठेवा: एक कीस किंवा दोनशे ग्रॅम गराडू, मग दोन खोपरा पॅटिस, एक साबुदाणा खिचडी, मग दोन दहीवडे, थोडं फिरून एक जलेबा, सगळ्यात शेवटी दोन शिकंज्या. प्रत्येक गोष्ट वाटून खाल्ली तरच हे जमतं. सुटे पैसे जवळ ठेवा. मोबाइलवरून पैसे सगळीकडे घेतात, पण गर्दीत नेटवर्क अडकतं. पाण्याची बाटली बरोबर असू द्या.

आता जे सोडावं ते. आग लावलेलं पान, धुराचं बिस्किट, चीज ओतलेले मोमोज, चायनीज, दहा रंगांच्या पाण्याची पाणीपुरी. हे कुठल्याही शहरात मिळतं आणि इथे त्यासाठी पोटातली जागा खर्च करणं म्हणजे माळव्याच्या स्वयंपाकावर अन्याय आहे. नव्या गाड्यांनी जुन्या पदार्थांची जागा खाल्ली, ही इंदूरकरांची तक्रार खरी आहे. तुम्ही कुठे पैसे देता यावर उद्याचा सराफा ठरणार आहे, म्हणून एवढं निक्षून सांगतो आहोत.

स्वच्छतेला पूर्ण गुण. इंदूर 2017 पासून देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात सतत वरच्या स्थानावर आहे आणि ते सराफ्यात दिसतं. हातातला द्रोण टाकायला कचरापेटी शोधावी लागत नाही, आणि बाजार उठला की रस्ता झाडून-धुऊन निघतो.

मांसाहार हवा असेल, किंवा बसून निवांत खायचं असेल, तर छप्पन दुकान. न्यू पलासियात, राजवाड्यापासून तीन-चार किलोमीटरवर, वाहनांना बंद केलेला रस्ता, बसायला बाकं. इथलं जॉनी हॉट डॉग प्रसिद्ध आहे: गोल पाव तव्यावर शेकून त्यात मटणाची किंवा भाजीची टिक्की, अंड्याच्या प्रकाराला बेंजो म्हणतात. लहान आहे, एकट्यानं दोन सहज संपतात. छप्पन सराफ्याच्या आधी मिटतं, म्हणून संध्याकाळी सातला छप्पन आणि दहाला सराफा असा बेत करा.

बिअर किंवा कॉकटेलसाठी विजय नगरच्या बाजूला जावं लागतं. तिथले पब इतर मोठ्या शहरांतल्यासारखेच आहेत, त्यांच्यासाठी इंदूरला येण्याची गरज नाही. मध्य प्रदेशात दारूच्या दुकानांना जोडलेले अहाते, म्हणजे बसून पिण्याच्या जागा, 2023 मध्ये बंद झाल्या, त्यामुळे परवाना असलेल्या बारमध्येच बसता येतं. इथून पुढे उज्जैन, महेश्वर किंवा ओंकारेश्वरला जाणार असाल तर 1 एप्रिल 2025 पासून तिथे दारूविक्री बंद आहे हे लक्षात ठेवा. बीआरटीएसच्या, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका असलेल्या रस्त्याच्या, पट्ट्यात 2022 मध्ये दुकानं चोवीस तास उघडी ठेवण्याची परवानगी मिळाली होती, ती 2024 मध्ये मागे घेतली गेली. जुने लेख वाचून पहाटे तीनला तिकडे जेवायला जाऊ नका.

जेवणाआधी तासभर हाताशी असेल तर राजवाड्यासमोर उभे राहा. मल्हारराव होळकरांनी 1747 मध्ये बांधायला घेतलेला हा सात मजली वाडा खाली दगडी आणि वर लाकडी आहे; 1984 च्या आगीत त्याचा मोठा भाग जळाला आणि नंतर पुन्हा उभारला. रात्री दिव्यांत तो दर्शनी भाग सुरेख दिसतो. जवळच कृष्णपुऱ्याच्या छत्र्या आहेत, त्याही रात्री उजळतात. या भागात मराठी घरं पिढ्यान् पिढ्यांची आहेत, तेव्हा रस्ता मराठीत विचारला तर मराठीत उत्तर मिळण्याची शक्यता चांगली आहे.

रात्रीची बस किंवा पहाटेची गाडी असेल तर सरवटे बस स्थानकाच्या आसपास पोहे-चहा अगदी अवेळीही मिळतो. इंदुरी पोहे फोडणीत कमी परततात आणि उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफेवर गरम ठेवतात, म्हणून ते मऊ आणि कमी तेलकट असतात. बडीशेप आणि किंचित साखर घातलेले, वर शेव, कच्चा कांदा, लिंबू आणि जिरावण. सोबत छोटी गरम जिलबी घ्या. भांड्याच्या तळाचे पोहे ओलसर होऊन गोळा झालेले असतात, तेव्हा नुकतं भरलेलं भांडं बघून घ्या. घरी नेण्यासाठी जिरावण आणि लवंग घातलेली तिखट शेव घ्यावी. जिरावण शंभर ग्रॅमच्या पुढे घेऊ नका, दोन महिन्यांत वास उडतो, आणि डबा घट्ट झाकणाचा नसेल तर हिंगाचा वास सगळ्या बॅगेला लागतो.